न्यू जर्सीत टीव्हीचा अँटेना निवडताना: खोक्यावरचे मैल सोडा, घराचा पत्ता बघा

केबल बंद करून हवेतून फुकट येणारी चॅनेल्स घ्यायची, हा विचार न्यू जर्सीतल्या बहुतेक मराठी घरांत कधी ना कधी होतोच. एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स, पीबीएस ही सगळी इथे हवेतून एचडीत येतात. जोडीला जुने सिनेमे, बातम्या, मुलांचे कार्यक्रम, स्पॅनिश वाहिन्या अशी बरीच उपचॅनेल्स मिळतात. मराठी मालिका आणि क्रिकेट मात्र यात नाही. त्यासाठी जे ॲप घेतलं असेल ते ठेवावंच लागेल. हे घरात आधी बोलून घ्या, म्हणजे नंतर रुसवेफुगवे नकोत.

मग होतं काय, की '२०० मैल रेंज' लिहिलेला तीस डॉलरचा चपटा अँटेना मागवला जातो, टीव्हीमागे चिकटवला जातो, आणि नेमकं ऑस्करच्या रात्री कळतं की सगळं लागतं, फक्त एबीसी लागत नाही. टीव्ही चांगला असतो, स्टेशनही चालू असतं. त्या अँटेनाची लांबीच एबीसीच्या लहरींना अपुरी पडते.

खोक्यावरच्या मैलांना काडीचा अर्थ नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे उंच मनोऱ्यावरून निघालेला सिग्नलसुद्धा साधारण ६०-७० मैलांपलीकडे क्षितिजाच्या आड जातो. त्यापुढे मोठा अँटेना, उंच खांब आणि नशीब, तिन्ही लागतं. जो विक्रेता २०० मैल लिहितो, त्याच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवू नका.

आधी टीव्ही तपासा

अमेरिकेत १ मार्च २००७ नंतर विकायला आलेल्या टीव्हीत डिजिटल ट्यूनर, म्हणजे हवेतला सिग्नल वाचून चॅनेल लावणारा भाग, असणं सक्तीचं आहे. मागे 'अँट/केबल' लिहिलेलं आट्यांचं गोल भोक दिसलं, की काम झालं. नुसता मॉनिटर किंवा 'डिस्प्ले' म्हणून विकलेला पडदा असेल तर ट्यूनर नसू शकतो. भारतातून आणलेला टीव्ही इथे चालणार नाही. तिथली पद्धत डीव्हीबी, इथली एटीएससी. अशा पडद्याला एचडीएमआय असेल तर एटीएससीचा बाहेरचा ट्यूनर, म्हणजे कन्व्हर्टर बॉक्स, जोडता येतो.

'डिजिटल अँटेना', '४के अँटेना' हे शब्द फक्त विक्रीचे. अँटेना म्हणजे ठरावीक मापाचा धातू. आलेली लहर डिजिटल आहे का ॲनालॉग, हे त्याला कळत नाही. त्यामुळे इसेलिन किंवा एडिसनमध्ये जुनं घर घेतलं असेल आणि छपरावर जुना भलामोठा ॲल्युमिनियमचा सांगाडा असेल, तर तो भंगारात काढू नका. दांड्या शाबूत असतील तर त्याचा गंजलेला बॅलन, म्हणजे चपट्या दुहेरी वायरीवरून गोल केबलवर आणणारा छोटा तुकडा, आणि केबल बदला. बाजारातल्या निम्म्या नव्या अँटेनांपेक्षा तो बरा निघेल. १२ जून २००९ ला इथली मोठी स्टेशनं ॲनालॉगवरून डिजिटलवर गेली, तरी लहरींची लांबी होती तीच राहिली.

नेक्स्टजेन टीव्ही, म्हणजे एटीएससी ३.०, आला तरी अँटेना हाच चालेल. ट्यूनर वेगळा लागेल. त्यातली काही चॅनेल्स सांकेतिक कुलूप लावून येतात, म्हणून बॉक्स घेताना तेवढं विचारून घ्या.

पत्ता घाला, यादी काढा

रॅबिटइअर्स डॉट इन्फो या संकेतस्थळावर 'सिग्नल सर्च मॅप' आहे. त्यात घराचा पत्ता आणि अँटेनाची जमिनीपासूनची उंची घाला. पहिल्या मजल्याच्या खिडकीला १० फूट, दोन मजली घराच्या माळ्यावर २० ते २५, छपरावर ३०. इथे छाती फुगवून ३० लिहू नका. खिडकीत लावणार असाल तर खिडकीचीच उंची द्या. एफसीसी, म्हणजे इथल्या सरकारी दूरसंचार नियामकाचाही डीटीव्ही नकाशा आहे, पण तो अँटेना ३० फुटांवर, घराबाहेर आहे असं धरून चालतो, त्यामुळे घरातल्या अँटेनासाठी त्याचं चित्र जरा जास्तच गुलाबी असतं.

यादीत प्रत्येक स्टेशनसमोर चार गोष्टी बघा: आरएफ चॅनेल, अंतर, दिशेचे अंश आणि सिग्नल मार्जिन. मार्जिन म्हणजे चित्र धरायला लागतो त्यापेक्षा सिग्नल किती जास्त आहे. ते डेसिबलमध्ये असतं. आमचा ढोबळ हिशेब असा: ३५-४० च्या वर असेल तर खिडकीतला अँटेना पुरेल, २० ते ३५ मध्ये माळा बघा, २० च्या खाली घराबाहेर जावंच लागेल, शून्याच्या आसपास असलेल्या स्टेशनचा नाद सोडा. एवढी गाळणी लावली की यादीतली अर्धी नावं आपोआप गळतात, आणि तेच बरं. जी चॅनेल्स खरोखर बघणार आहात त्यांच्यावर खूण करा आणि अँटेना त्यांच्यासाठी घ्या. धार्मिक प्रवचनांचं चॅनेल लागत नाही म्हणून दोनशे डॉलर घालण्यात अर्थ नाही.

आता आरएफ चॅनेल. पडद्यावर दिसणारा ७.१, २.१ हा आकडा म्हणजे नुसती पाटी. स्टेशन प्रत्यक्षात कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलतं हे आरएफ क्रमांक सांगतो, आणि अँटेनाला तेवढंच कळतं. न्यूयॉर्कचं सीबीएस पडद्यावर २.१ आहे, पण हवेत ३६ वर, एनबीसी ४.१ दिसतं, हवेत ३५ वर. ही दोन्ही यूएचएफ, म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सीच्या, आखूड लहरींच्या पट्ट्यात. उलट एबीसी ७.१ खरोखरच ७ वर आहे, पिक्स ११.१ हे ११ वर, आणि पीबीएसचं डब्ल्यूएनईटी पडद्यावर १३.१ असलं तरी हवेत १२ वर. ही तिन्ही वरच्या व्हीएचएफ पट्ट्यात, म्हणजे चॅनेल ७ ते १३, जिथे फ्रिक्वेन्सी कमी आणि लहर लांब. न्यूयॉर्ककडे तोंड करणाऱ्या प्रत्येक घरात हाच पेच येतो: पाच मोठ्या नेटवर्कांपैकी एबीसी आणि पीबीएस या दोघांना वेगळ्या मापाचा धातू लागतो.

माप असं: धातू साधारण अर्ध्या लहरीएवढा लांब लागतो. यूएचएफ म्हणजे आरएफ १४ ते ३६, ४७० ते ६०८ मेगाहर्ट्झ. ३६ व्या चॅनेलची अर्धी लहर २५ सेंटिमीटर. साध्या चपट्या अँटेनाची रुंदी जवळपास तेवढीच असते, म्हणून सीबीएस मजेत लागतं. सातव्या चॅनेलची अर्धी लहर ८५ सेंटिमीटर. तीस सेंटिमीटरच्या कागदात ती बसणार कुठे? स्टेशन अगदी जवळ असेल तर तुकड्या-तुकड्याने आत येते, एरवी नाही.

म्हणून उत्पादनाच्या माहितीत 'हाय व्हीएचएफ' किंवा 'चॅनेल ७-१३' असं नुसतं लिहिलेलं पुरत नाही, फोटोत बघा. कुठेतरी टोकापासून टोकापर्यंत सुमारे ८० सेंटिमीटरचा धातू दिसला पाहिजे: दोन ओढायच्या दांड्या, किंवा फुलपाखराच्या पंखांसारख्या तुकड्यांच्या अँटेनात पंखांखाली आडवी लांब काठी, किंवा यागीच्या, म्हणजे एका दांड्यावर ओळीने आडव्या काड्या असलेल्या अँटेनाच्या, मागच्या लांब दांड्या. तो नसेल तर ते नुसते शब्द आहेत.

कुठल्या गावाला काय

न्यूयॉर्कची मोठी स्टेशनं वन वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या टोकावरून किंवा एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून सोडली जातात. मध्य जर्सीतून दोन्ही जवळजवळ एकाच रेषेत दिसतात, त्यामुळे दिशा एकच धरायला हरकत नाही. फिलाडेल्फियाचे मनोरे रॉक्सबरो भागात आहेत.

जर्सी सिटी आणि होबोकनमध्ये सिग्नल कमी पडत नाही, उलट ऊतू जातो. इथे साधा, ॲम्प्लिफायर (सिग्नल वाढवणारी डबी) नसलेला अँटेना घ्या: दोन ओढायच्या दांड्या आणि मध्ये यूएचएफची गोल कडी असलेला, वीस डॉलरच्या आसपास मिळणारा जुन्या धाटणीचा. दोन्ही दांड्या आडव्या, एका रेषेत, प्रत्येकी सुमारे ४० सेंटिमीटर ओढा. ७, ११ आणि १२ तिन्ही त्यात येतात. दांड्या पूर्ण ताणून इंग्रजी 'व्ही' करायची सवय जुन्या काळची, खालच्या चॅनेल्सची. इथे पूर्ण ताणल्या तर एबीसी उलट बिघडतं. काचेच्या उंच इमारतींवरून आपटून आलेले सिग्नल हा या भागातला खरा त्रास. अँटेना फूटभर इकडे-तिकडे सरकवला की चित्र सुधारतं, ते यामुळेच.

एडिसन, इसेलिन, पिस्काटवे. एडिसनपासून वर्ल्ड ट्रेड सेंटर सुमारे २५ मैल, दिशा ५७ अंश, म्हणजे ईशान्य. वरच्या मजल्याची ईशान्येची खिडकी असेल तर दोन पंखांचा फुलपाखरू अँटेना, सोबत व्हीएचएफची आडवी काठी, एवढ्यात काम होतं. अपार्टमेंट तळमजल्यावर आणि खिडकी नैर्ऋत्येच्या पार्किंगकडे असेल तर खिडकीत काहीही लावलं तरी तो सिग्नल अख्ख्या इमारतीतून येणार. बाल्कनीच्या कोपऱ्यातून निदान तिरकं ईशान्येकडे दिसतंय का ते बघा. स्वतःचं घर असेल तर चार पंखांचा, जाळीच्या पाठीचा, व्हीएचएफ काठीसकट अँटेना माळ्यावर लावा. किंमत साधारण शंभर ते दीडशे डॉलर. यापेक्षा मोठं काही एडिसनमध्ये लागत नाही.

ब्रिजवॉटर, वॉरन आणि पार्सिपनीकडचा भाग वॉचंगच्या टेकड्यांच्या आड येतो. नकाशावर अंतर ३० मैल दिसतं आणि मार्जिन मात्र ४० मैलांवरच्या प्लेन्सबरोपेक्षा वाईट. टेकडीच्या लगेच पाठीमागे घर असेल तर बाजूच्या रस्त्यापेक्षा दहा डेसिबलचा फरक सहज पडतो, म्हणून शेजाऱ्याचं ऐकून अँटेना घेऊ नका. आपला स्वतःचा पत्ता घाला. इथे छपरावरचा आठ पंखांचा किंवा लांब यागी, आणि व्हीएचएफसाठी गरज पडली तर ७-१३ ची वेगळी छोटी यागी, दोन्ही यूएचएफ-व्हीएचएफ जोडणीच्या डबीतून एका केबलवर. साधा स्प्लिटर (एका केबलच्या दोन-चार वाटा करणारी डबी) उलटा लावून दोन अँटेना जोडू नका, ३.५ डेसिबल फुकट जातात आणि दोघे एकमेकांचा सिग्नल खातात.

सगळ्यात गमतीचं गाव प्लेन्सबरो. न्यूयॉर्क ४० मैल, फिलाडेल्फिया पण ४० मैल; एक ईशान्येला ४९ अंशांवर, दुसरं नैर्ऋत्येला २४० अंशांवर. म्हणजे जवळजवळ पाठीला पाठ. इथे पंखांच्या अँटेनाचा एक गुण कामी येतो. पाठीमागची जाळी काढली, की तो पुढून जेवढं घेतो तेवढंच मागून घेतो. पुढच्या बाजूचे सुमारे ३ डेसिबल जातात, पण दोन्ही शहरं एकाच अँटेनात येतात, फिरवणारी मोटार लागत नाही. चार किंवा आठ पंखांचा, जाळी काढता येणारा घ्या आणि छपरावर लावा. माळ्यावर ४० मैल दोन्ही बाजूंनी जमणं कठीण. एवढं करून मार्जिन पुरत नसेल तर एक शहर निवडा. न्यूयॉर्कचं एनबीसी आणि फिलाडेल्फियाचं एनबीसी, कार्यक्रम बहुतेक तेच असतात. फरक पडतो तो स्थानिक बातम्यांत आणि रविवारी कुठली फुटबॉल मॅच दाखवतात त्यात.

फिलाडेल्फियाच्या एबीसीची तऱ्हा मात्र आणखी वेगळी. डब्ल्यूपीव्हीआय पडद्यावर ६.१ आणि हवेतही ६ वर, म्हणजे ८२ ते ८८ मेगाहर्ट्झ, खालचा व्हीएचएफ. अर्धी लहर पावणेदोन मीटर. हल्लीचे बहुतेक अँटेना हा पट्टा धरतच नाहीत. प्लेन्सबरोत एबीसी हवं असेल तर न्यूयॉर्कचं ७ धरणं सोपं. ट्रेंटनच्या खाली राहात असाल तर २ ते ६ लिहिलेला मोठा अँटेना, किंवा प्रत्येकी ८४ सेंटिमीटरच्या दोन दांड्यांचा साधा डायपोल.

लावायचा कुठे

क्रम सरळ आहे: छप्पर, मग माळा, मग वरच्या मजल्याची खिडकी, आणि शेवटी टीव्हीची मागची भिंत. माळ्यावर किमान अर्धा सिग्नल जातो. लाकूड आणि डांबरी शिंगल असतील तेव्हाचा हा हिशेब. छताला आतून चंदेरी फॉइल लावलेलं असेल, बाहेर ॲल्युमिनियमचं साइडिंग असेल, किंवा मनोऱ्याच्या बाजूच्या उतारावर सोलर पॅनेल बसवली असतील, तर माळ्याचा विचार सोडा. नव्या खिडक्यांच्या उष्णतारोधक काचांवरही धातूचा पातळ थर असतो. खिडकी उघडल्यावर चॅनेल लागतं आणि लावल्यावर जातं, असं झालं तर कारण तेच.

भाड्याच्या घरात 'मॅनेजमेंट नाही म्हणते' हे नेहमी ऐकू येतं. एफसीसीचा १९९६ पासूनचा नियम तुमच्या बाजूने आहे: जी जागा फक्त तुमच्या वापरात आहे, म्हणजे स्वतःची बाल्कनी, स्वतःचा पॅटिओ, तिथे टीव्हीचा अँटेना लावायला घरमालक किंवा सोसायटी बंदी घालू शकत नाही. सामायिक छप्पर, जिना, बाहेरची भिंत यांना तो लागू नाही. बाल्कनीच्या कठड्याबाहेर अँटेना डोकावू देऊ नका, आणि भिंतीला भोक पाडायची परवानगी या नियमात मिळत नाही. सरकत्या दारातून जाणारी चपटी केबल मिळते, ती वापरा. छपरापेक्षा १२ फुटांहून उंच खांब उभारायचा असेल तर परवाना मागू शकतात.

डिश टीव्ही सोडलेल्या घरांची सोय आयतीच असते. डिशची तबकडी काढा, वाकडा खांब ठेवा. चार पंखांचा अँटेना त्यावर बसतो. केबलही तीच चालते. पण वाटेतली डिशची सगळी डबडी काढून टाका. डिशच्या स्प्लिटरवर ९५०-२१५० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं आणि टीव्हीची चॅनेल्स ६०८ च्या खाली संपतात, म्हणजे ते डबडं दार लावून बसलेलं असतं. ५-१००० लिहिलेला स्प्लिटर घ्या.

छपरावर चढायचं तर विजेच्या तारांपासून अंतर खांब आणि अँटेनाच्या एकूण उंचीच्या किमान दुप्पट हवं, म्हणजे पडला तरी तारेवर पडणार नाही. खांबाला १० गेजची तांब्याची वायर लावून ती घराच्या मुख्य अर्थिंगला जोडायची, केबल घरात शिरते तिथे ग्राउंड ब्लॉक, म्हणजे केबलला अर्थिंग देणारा जोड, आणि त्याची वायरही तिथेच. स्वतंत्र सळई ठोकून ती मुख्य अर्थिंगला न जोडता सोडणं हे अर्थिंग नसल्यापेक्षा वाईट. हे काम हातचं नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

केबल आणि ॲम्प्लिफायर

आरजी-६ केबल घ्या. जुनी बारीक आरजी-५९ भिंतीत असेल तर जमेल तिथे बदला. चांगल्या आरजी-६ मध्ये दर १०० फुटांना सुमारे ६ डेसिबल जातात, दोन वाटांच्या स्प्लिटरमध्ये ३.५ ते ४, चार वाटांच्यात ७ ते ८. माळ्यावरून ५० फूट केबल आणि चार खोल्यांत टीव्ही, एवढ्यातच दहा डेसिबल गेले. म्हणजे अँटेनाने पकडलेल्याचा दहावा हिस्सा टीव्हीपर्यंत पोचला.

ॲम्प्लिफायर याच गळतीवरचा उपाय आहे. अँटेनाला न आलेला सिग्नल तो आणू शकत नाही. चित्र धरायला सिग्नल गोंगाटापेक्षा सुमारे १५ डेसिबल वर लागतो. त्याच्या वर असेल तोवर चित्र स्वच्छ, त्याखाली गेला की चौकोन-चौकोन आणि मग काळा पडदा. जुन्या दूरदर्शनसारखं मुंग्या-मुंग्या का होईना, पण दिसतंय, असा प्रकार नाही. ॲम्प्लिफायर सिग्नल वाढवताना गोंगाटही तेवढाच वाढवतो, शिवाय स्वतःचा थोडा घालतो. म्हणून तो अँटेनाच्या जवळ, खांबावरच हवा, गळती सुरू होण्याआधी. १५ ते २० डेसिबल वाढ आणि २ च्या खाली नॉइज फिगर (त्याने स्वतः घातलेल्या गोंगाटाचं माप) पुरे. ३५ डेसिबलवाला घेऊन काही मिळत नाही.

जर्सी सिटीत तर तो लावूच नका. दांडग्या सिग्नलने ट्यूनर गुदमरतो आणि दूरचीच काय, जवळची चॅनेल्सही जातात. 'यूएसबीवर चालणारा बूस्टर' फुकट मिळालाय म्हणून लावलेल्या घरांत आधी तो काढून बघा. अनेकदा तेवढ्यानेच काम होतं.

खांबावरच्या ॲम्प्लिफायरला वीज त्याच केबलमधून जाते, घरातल्या एका छोट्या डबीतून. ही डबी स्प्लिटर आणि अँटेना यांच्या मध्ये हवी. ती टीव्हीजवळ, स्प्लिटरच्या पलीकडे लावली तर साधा स्प्लिटर वीज अडवतो, आणि वीज न मिळालेला ॲम्प्लिफायर सिग्नलच थांबवतो. 'ॲम्प्लिफायर लावल्यापासून काहीच लागत नाही' याचं कारण बहुतेक वेळा हेच.

केबलच्या टोकांचे जोड कॉम्प्रेशनचे, म्हणजे हत्याराने दाबून बसवायचे, करा. मधली तांब्याची तार जोडाच्या तोंडापासून साधारण ३ मिलिमीटर बाहेर हवी. आत राहिली तर टेकत नाही, आणि बाहेरच्या जाळीचा एक केस जरी तिला शिवला तर सगळं बंद. बाहेरचा प्रत्येक जोड पाणी न शिरणाऱ्या टेपने गुंडाळा आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली एक वळसा द्या, म्हणजे पाऊस तिथेच ठिबकतो. स्प्लिटरच्या रिकाम्या तोंडांवर ७५ ओहमची टोपी घाला.

भिंतीतली केबल कंपनीची जुनी वायर वापरायची असेल तर बाहेरच्या पेटीत कंपनीकडून येणारी केबल सोडवून ठेवा. इंटरनेट अजून त्याच वायरीतून येत असेल तर त्या वायरीला अँटेना अजिबात जोडू नका. वेगळी केबल ओढा.

दिशा आणि स्कॅन

यादीतले अंश खऱ्या उत्तरेपासूनचे असतात. फोनच्या होकायंत्रात 'ट्रू नॉर्थ' चालू करा. साधं सुईचं होकायंत्र असेल तर न्यू जर्सीत सुमारे १२ अंश मिळवा: एडिसनचे ५७ म्हणजे सुईवर ६९. धातूच्या खांबाला टेकून मोजू नका, सुई भरकटते.

एकदा स्कॅन करा, मग जे चॅनेल हवंय पण अडखळतंय ते लावा आणि टीव्हीच्या मेनूतला सिग्नलचा आकडा उघडा. स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी दोन्ही दाखवत असेल तर क्वालिटीकडे बघा. अँटेना दहा-दहा अंशांनी फिरवा, प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबा, आकडा लिहून ठेवा. हात बाजूला काढून मगच वाचा. माणूसही अँटेनाचाच भाग होतो. दिशा सापडली की उंची बदलून बघा. माळ्यावर दोन फूट वर-खाली केल्याने दिशेपेक्षा जास्त फरक पडल्याची उदाहरणं भरपूर आहेत. शेवटी पुन्हा पूर्ण स्कॅन.

लागत होतं, आता लागत नाही

जानेवारीत स्वच्छ आणि जूनमध्ये चौकोन पडतात: मधल्या मेपलला पानं आली. ओली पानं यूएचएफ आणखी खातात. अँटेना निष्पर्ण हिवाळ्यात लावला असेल तर हाताशी दहा डेसिबल जास्तीचे ठेवा. उन्हाळ्यातल्या दमट पहाटे लांबची स्टेशनं अचानक येऊन जवळचं चॅनेल घालवतात; ऊन चढलं की ते आपोआप निवळतं, त्यासाठी छपरावर चढू नका.

फक्त ७, ११ आणि १३ जात असतील आणि यूएचएफ ठीक असेल तर घरातल्या वस्तूंवर संशय घ्या. स्वस्त एलईडी दिवे, चार्जर, ट्रेडमिल यांचा विद्युत गोंगाट व्हीएचएफमध्ये उतरतो. एकेक बंद करून आकडा बघत जा. जवळच्या एफएम स्टेशनची दुप्पट फ्रिक्वेन्सीही ट्यूनरमध्ये किंवा ॲम्प्लिफायरमध्ये तयार होऊन नेमकी ७-१३ मध्ये पडते. तिथे एफएम फिल्टर चालतो. मात्र फिलाडेल्फियाचं ६.१ बघत असाल तर हा फिल्टर लावू नका. ते एफएमला खेटून असल्यामुळे त्याच्यासकट जाईल.

फक्त सीबीएस जातंय? ३६ वं चॅनेल ६०८ मेगाहर्ट्झला संपतं आणि ६१७ पासून मोबाइलच्या मनोऱ्यांचा पट्टा सुरू होतो. २०१७ च्या लिलावात ३८ ते ५१ ही चॅनेल्स मोबाइल कंपन्यांना गेली आणि टीव्ही स्टेशनं जुलै २०२० पर्यंत खाली सरकवली गेली. जुना ॲम्प्लिफायर हा मोबाइलचा पट्टाही इमानेइतबारे वाढवत बसतो. ६०८ ला कापणारा फिल्टर ॲम्प्लिफायरच्या आधी लावा. ॲम्प्लिफायर गुदमरल्यावर पुढे लावून उपयोग नाही. जुने फिल्टर ७०० च्या आसपास कापतात, म्हणून घेताना आकडा वाचा.

एखादं चॅनेल एका रात्रीत पूर्ण नाहीसं झालं आणि बाकी सगळी जशीच्या तशी असतील, तर आधी रॅबिटइअर्सवर त्याचा आरएफ क्रमांक बदललाय का बघा, मग परत स्कॅन करा. मात्र प्लेन्सबरोसारख्या दोन शहरांच्या घरात, आणि विशेषतः अँटेना फिरवून बघत असाल तर, काही टीव्ही नव्या स्कॅनमध्ये जुनी यादी पुसून टाकतात. मेनूत 'ॲड चॅनेल' किंवा तसा पर्याय असेल तर तो वापरा. नसेल तर आधी हव्या त्या चॅनेल्सचे आरएफ क्रमांक कागदावर उतरवून घ्या, बऱ्याच टीव्हींत ते हाताने घालता येतात.